सुमिनाच्या नावावरचा नंबर

माआमे ताचीवाचा फोन माझ्या दुकानात चार्जिंगला लावलेला असतो, तेव्हा मी त्याच्याकडे पाठ करून बसते. अर्धं आयुष्य फोनच्या धंद्यात काढलेल्या बाईने फोनला घाबरावं, हे सांगायचीही लाज वाटते. पण लाज वाटते म्हणून भीती काही कमी होत नाही.

आमच्या एन्कोरान्झा गावात मोबाइल पहिल्यांदा आला, तेव्हा नेटवर्क फक्त मिशनच्या शाळेमागच्या वारुळावर मिळायचं. वारुळाशेजारी नाही, खाली नाही. वर चढून तेचिमान शहराकडे तोंड केलं तरच. मी त्या वारुळाच्या पायथ्याशी टेबल मांडलं, वर छत्री लावली आणि विटेएवढा एक फोन ठेवला. लोक मिनिटाचे पैसे द्यायचे, वर चढायचे आणि कुमासी, अक्रा अशा दूरच्या शहरांतल्या माणसांशी असं ओरडून बोलायचे की फोन नसता तरी तिकडे ऐकू गेलं असतं. कोणाच्या नवऱ्याने कुमासीत दुसरी ठेवली आहे, हे तिच्याआधी मला आणि वाळवीला कळायचं.

मग टेकडीवर मनोरा आला. खोदण्याआधी वडीलधाऱ्यांनी टेकडीला दारू पाजली, क्षमा मागितली आणि मग वर तांबडा दिवा लागला. घरोघर फोन झाले. माझं वारूळ ओस पडलं. मी बाजारात बसून रिचार्जची खरवडायची कार्डं विकू लागले. मग दुसरी कंपनी आली, तिसरी आली. एका कंपनीवरून दुसरीवर बोलणं महाग, म्हणून माणसं खिशात तीन-तीन सिमकार्डं घेऊन फिरू लागली. ज्या कंपनीची छत्री फुकट मिळेल तिच्याखाली मी बसले. निष्ठा वगैरे चैनी मला परवडत नाहीत. पुढे फोनमध्ये फोटो आले, फोनमध्ये पैसे आले, आणि मी छत्रीतून पत्र्याच्या दुकानात आले. एवढं सगळं बदललं, पण माआमे ताचीवाचा फोन तोच राहिला. बटणांचा, मागे रबर बांधलेला. नंबरही तोच. तो तिला सुमिनाने घेऊन दिला होता.

सुमिना तिचा मुलगा. त्याचा जन्म मला चांगला आठवतो, कारण त्यात माझ्या आईचा हात होता. माआमेची आधीची सगळी मुलं अंगावर पिती असतानाच गेली होती. हा झाला तेव्हा आठवड्याच्या आतच तिने त्याला केळीच्या पानावर घालून गावच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं. माझी आई ठरल्याप्रमाणे तिथून गेली, "अगबाई, कोणी टाकलं हे?" असं म्हणून तिने त्याला उचललं आणि माआमेच्याच दारात नेऊन चार पैशांना विकलं. त्याच्या गालावर तीन बारीक चिरा मारल्या. नाव ठेवलं सुमिना, म्हणजे उकिरडा. मरण त्या घरी पुन्हा आलंच, तर त्याने बघावं, नाक मुरडावं आणि पुढे चालू लागावं, हा हिशेब.

मरण खरंच पुढे गेलं. पण माआमेने तो डाव कधी सोडला नाही. जन्मात तिने त्याला 'माझा मुलगा' म्हटलं नाही. तो शाळेतून आला की ओरडायची, "आलं का ते घाणेरडं? गिळायला घाला त्याला." आणि माशाचा मोठा तुकडा त्याच्या ताटात पडायचा. आम्ही हसायचो. सुमिना सगळ्यात जास्त हसायचा.

आमच्याकडची निम्मी पोरं लिबियाला जातात, तसा तोही निघाला. सिमकार्डं नावावर करून घ्यायची पहिली टूम तेव्हाच निघाली होती. माआमेकडे कसलंच कार्ड नव्हतं, म्हणून त्याने तिचा नंबर आपल्या, म्हणजे याव सुमिना या नावाच्या, मतदार कार्डावर घेतला. मीच करून दिलं. सगळं गाव तसंच करत होतं. मग तो माझ्या टेबलाशी बसून तिचा नंबर पोरं पाढे म्हणतात तसा घोकत राहिला.

"लिहून घे की," मी म्हटलं.

"आँटी पिना, वाटेत फोन काढून घेतात, कागद काढून घेतात, चपलासुद्धा काढून घेतात. डोक्यातलं कोण काढून घेणार?" मग आईकडे वळून म्हणाला, "दोनदा वाजून बंद झाला, तर समजायचं मी धड आहे. एकदा वाजला तर कोणाचाही असेल, चुकून लागलेला. तीनदा वाजवला तर तू उचलशील आणि माझे पैसे जातील."

"तुझ्यासाठी कोण उचलतंय?" माआमे म्हणाली. "चालता हो, उकिरड्या."

तो गेला आणि मग ती लाकडं आणायला म्हणून जी गेली, ती संध्याकाळपर्यंत परतलीच नाही.

फोन वाजत राहिला. कधी महिन्याने, कधी सहा महिन्यांनी. दोनदा वाजायचा आणि गप्प व्हायचा. ती फोन पदरात लपवून माझ्याकडे यायची, "उकिरडा वाजला गं," एवढंच पुटपुटायची, आणि मी नंबर बघून सांगायचे, नायजरचा आहे, लिबियाचा आहे. दर वेळी नवा नंबर, कोणाच्या तरी हातापाया पडून मागितलेल्या फोनचा. मी परत लावून बघू का म्हटलं, तर नको म्हणायची. नाव घेऊन बोललं की मरणाला पत्ता लागतो, हे तिचं म्हणणं.

मग आफ्रिफा नावाचा मुलगा परत आला. म्हणाला, समुद्रावर सुमिना पुढच्या होडीत होता, मी मागच्या. मागची होडी पोलिसांनी वळवली. पुढचीचं काय झालं? आफ्रिफा जमिनीकडे बघत राहिला. त्यानंतरही माआमेचा फोन एक-दोन वेळा असाच वाजला, पण ते नंबर मला ओळखता येईनात. आणि मग वाजायचा थांबला. गावाने मनातल्या मनात सुमिनाला समुद्रात सोडून दिलं. खरं सांगायचं तर मीही.

अशात सरकारने फर्मान काढलं की प्रत्येक नंबर नव्या राष्ट्रीय कार्डाला जोडा, बोटांचे ठसे द्या, नाहीतर नंबर बंद. मुदत, मग वाढीव मुदत, मग शेवटची मुदत. मी माआमेला घेऊन तेचिमानला कंपनीच्या कचेरीत गेले. रांग रस्त्यापर्यंत होती. काउंटरवरच्या पोराने बरीच बटणं दाबली.

"हा नंबर कोणा याव सुमिनाच्या नावावर आहे, आजी. त्यांना घेऊन या."

"तो परदेशात आहे," मी म्हटलं.

"मग त्यांना यायला सांगा. ठसे त्यांचेच लागतील."

"आणि नाही आला तर?"

"नंबर बंद होईल. काही महिन्यांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला मिळेल."

माआमेने माझी बाही धरली. "दुसऱ्याला? म्हणजे इथे वाजायचं ते दुसऱ्याच्या घरी वाजणार?"

"हो आजी."

"त्याला काय कळणार दोनदा वाजलं म्हणजे काय ते?"

पोरगा गोंधळला. बिचारा वाईट नव्हता. त्याने आवाज खाली आणला. "एक वाट आहे. मालक मयत असेल, तर नंबर वारसाच्या नावावर होतो. मृत्यूचा दाखला आणा, लगेच करून देतो."

माझं डोकंच फिरलं. म्हाताऱ्या आईला तोंडावर असं सांगतात? मी काउंटरवर हात आपटला. पोराची आई, मावशी, कंपनीचा मालक, सगळ्यांचा उद्धार केला. मला वाटलं, माआमे आता खाली बसेल. तिने मलाच गप्प केलं.

"त्या दाखल्यावर शिक्का असतो का रे बाबा?"

"असतो."

"आणि नाव मोठ्या अक्षरात लिहितात? कोणालाही वाचता येईल असं?"

"हो... सरकारी असतं ते."

परतीच्या गाडीत ती खिडकीबाहेर बघत बसली होती. मी मनात सांत्वनाची वाक्यं जुळवत होते. एकदम ती हसली.

"पोरी, हे आपल्याला आधीच का नाही गं सुचलं?"

"काय?"

"ते त्याला शोधत फिरतंय." 'ते' म्हणजे कोण, हे तिला सांगावं लागत नाही. "वाळवंटात शोधलं, समुद्रात शोधलं. आता सरकारच म्हणालं की सुमिना मेला, शिक्का मारून म्हणालं, तर ते कशाला पुढे शोधेल? मेलेल्याला परत कोण मारतं?"

"माआमे, कोणाला नेलं आणि कोणाला नाही, हे मरणाला ठाऊक नसतं का?"

"उकिरड्यावर होता तेव्हा नव्हतं. आता तर ते म्हातारं झालं असेल."

हसू की रडू, ते मला कळेना. नंबर वाचणार होता, एवढं मात्र खरं.

दाखल्यासाठी घराण्याच्या प्रमुखाची साक्ष लागत होती. आमचा प्रमुख ओपानिन बाफो म्हणजे माआमेचा चुलतभाऊ, काठी टेकत चालणारा, शब्दांचा पक्का. तो म्हणाला, "सही करीन. पण अंत्यविधी झाल्याशिवाय मेला म्हणणार नाही. उद्या लोक म्हणतील, बाफोच्या घरातली माणसं कुत्र्याच्या मौतीने मरतात."

"मी कुठं नको म्हणतेय?" माआमे म्हणाली. "मोठा करा. चांगला मोठा करा."

ओपानिनने डोळे पुसले. त्याला वाटलं, इतक्या वर्षांनी बहिणीने सत्य गिळलं. माझ्या तोंडाला तिने कुलूपच घातलं होतं.

भिंतींवर लावायला मयताचे मोठे कागद छापून आणले. वर सुमिनाचा फोटो, गालावरच्या तीन चिरा स्पष्ट दिसतील असा, खाली तारीख आणि सगळ्या नातेवाइकांची नावं. माआमे स्वतः माझ्याबरोबर ते चिकटवत फिरली. चौकात लावला, चर्चच्या भिंतीवर लावला, मनोऱ्याच्या कुंपणाला लावला. मोटार स्टँडवर तर तीन लावून घेतले.

"इथं एवढे कशाला?"

"बाहेरगावाहून येणारं इथंच उतरतं ना," ती म्हणाली.

शनिवारी मांडव पडला. लाल-काळ्या कापडातली माणसं, प्लास्टिकच्या खुर्च्या, कानठळ्या बसवणारे कर्णे. प्रेत नव्हतं, म्हणून एका स्टुलावर त्याचा शाळेतला सदरा घडी करून ठेवला होता. कर्ण्यावरून कोणी दुखवट्याचा किती आहेर केला ते सांगत होते. माआमे बराच वेळ कोरडी बसली होती आणि बायका आपसात कुजबुजायला लागल्या होत्या, की हिला काळीज आहे की नाही. मग ती उठली. सदऱ्यासमोर गेली. आणि तिने असा हंबरडा फोडला की ढोलवाल्यांचे हात थांबले.

"माझा मुलगा गेला! माझा मुलगा, माझ्या पोटचा मुलगा!"

सबंध आयुष्यात तिच्या तोंडून न आलेले शब्द. मोठ्या बायांना हुंदके आवरेनात. मी तिला धरायला धावले, तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं, आणि ती माझ्या कानात, अगदी थंड आवाजात म्हणाली, "नीट रडतेय ना? ते शोधत फिरतंय, त्याला ऐकू जायला हवं. तूही रड. तुझ्या आईनेच विकला होता मला."

मी रडले. मला नाटक करावं लागलं नाही. माझ्यासाठी तो केव्हाच गेलेला होता आणि त्याच्यासाठी रडायची संधी मला मिळालीच नव्हती. ती खोटं रडत होती, मी खरं रडत होते आणि बघणाऱ्याला त्यात काही फरक दिसत नव्हता. तिच्या रडण्यातही शेवटपर्यंत सगळंच खोटं राहिलं का, हे मी तिला कधी विचारलं नाही.

दाखला झाला. शिक्का चांगला ठसठशीत उमटला होता. तेचिमानच्या त्या पोराने उभं राहून "तुमच्या दुःखात सहभागी आहे, आजी" म्हटलं आणि नंबर तिच्या नव्या राष्ट्रीय कार्डावर, तिच्या नावे करून दिला. कसाव्याचे कंद सोलून सोलून तिची बोटं इतकी गुळगुळीत झाली होती की ठसे उमटता उमटेनात. शेवटी एका अंगठ्याने लाज राखली.

त्याच दुपारी तिच्या अंगणात आम्ही उकडलेल्या कसाव्याचा फुफू कुटत होतो. मी मुसळ मारत होते, ती उखळात हात घालून गोळा फिरवत होती. फोन शेजारच्या स्टुलावर होता.

तो वाजला. दोनदा. आणि थांबला.

माझं मुसळ हवेतच राहिलं. माआमेचा चेहरा मी त्या एका क्षणी पाहिला. चेहरा कसला, नुसता उजेड होता. "सु..." एवढं तिच्या ओठांतून निसटलं आणि तिने ओठ दातांखाली धरले. मग मान वळवून तिने दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. एक कोंबडी उभी होती, तीही पाय उचलून तशीच थबकली होती.

"कोणाचा असेल कोण जाणे!" माआमे दाराकडे बघून मोठ्याने म्हणाली. "आमचं कोणी नाही. आमचा मेला. सगळ्या गावाने पुरला त्याला."

फोन पुन्हा वाजू लागला. दोनदा वाजला, तीनदा वाजला, थांबेचना. कोणाकडे तरी पैसे होते. कोणाला तरी बोलायचं होतं.

मी हात पुढे केला, तर तिने फुफूने बरबटलेल्या हाताने माझं मनगट पकडलं. त्या म्हातारीच्या हातात एवढं बळ कुठून आलं, देव जाणे.

"उचलू नकोस. बोललीस की कळेल."

"कोणाला?"

तिने हनुवटीने दार दाखवलं.

फोन वाजत राहिला, स्टुलावर थरथरत कडेपर्यंत सरकला आणि गप्प झाला. मी मनगट हिसकावून घेतलं. मला इतका राग आला होता की मी वयाचा मानही विसरले.

"याच्यासाठी नंबर राखलास? याच्यासाठी मांडव घातलास, घराण्याला रडवलंस? पोरगं तिकडे फोन कानाला लावून बसलं असेल आणि तू..."

"तो असेल तर वाजवतोय," ती म्हणाली. "जिवंत आहे. मला आणखी काय पाहिजे? आणि तो नसेल, तर ते सांगायला कोण वाजवतंय, ते मला ऐकायचं नाही." मग तिने हात पाण्यात बुडवला. "मार मुसळ. गोळा गार होतोय."

मी काही इतकी भाबडी नाही. नंबर टिपून घेतला आणि दुकानात येऊन लावला. मला न कळणाऱ्या भाषेत एक बाई काहीतरी बोलली, मग इंग्रजीत म्हणाली, हा नंबर अस्तित्वात नाही. मी पुन्हा लावला. अस्तित्वात नाही. याची कारणं मला ठाऊक आहेत. आडवाटेने स्वस्तात आणलेले कॉल खोटे नंबर दाखवतात, धंद्यातल्या कोणालाही विचारा. मी स्वतःला तेच सांगितलं. गिऱ्हाइकांच्या गर्दीत ते पटतंही. दुकान रिकामं झालं की पटत नाही.

त्यानंतर तो वाजतच आहे. महिन्याने, दोन महिन्यांनी, दर वेळी नवा नंबर. दर वेळी आधी दोनदा, आणि मग न थांबता. माआमे ऐकते, चेहऱ्यावरची रेषही हलू देत नाही, आणि दाराला ऐकवते, आमचा मेला. आता कंपनी म्हणते, जुनं नेटवर्क गुंडाळणार, बटणांचे फोन मुके होतील. मी तिला नवा फोन देऊ केला. "हा मुका होईल तेव्हा बघू," म्हणाली. फोनची बॅटरी आता टिकत नाही, म्हणून ती दर सकाळी तो माझ्याकडे ठेवून शेतावर जाते.

गेल्या मंगळवारी माझ्या दुकानात एक मास्तर पैसे पाठवायला आले होते. भर बाजारची वेळ. फोन माझ्या पाठीमागे वाजला. दोनदा. थांबला. आणि पुन्हा सुरू झाला.

"आँटी, फोन," मास्तर म्हणाले.

मी वळले. पडद्यावर भलताच लांब नंबर होता. उचलायला फक्त एक हिरवं बटण दाबायचं होतं. अख्खं आयुष्य मी लोकांना तेच शिकवत आले. माझा अंगठा त्या बटणावर जाऊन टेकला. आतून, फार लांबून, कोणीतरी पाढे म्हणावेत तसे आकडे म्हणतंय, असं मला उगीचच वाटलं.

"आँटी, उचला ना. काहीतरी तातडीचं दिसतंय."

मी अंगठा काढून घेतला. फोन उलटा ठेवला. आणि मग माझ्या लक्षात आलं की मी मास्तरांकडे बघत नाहीये, त्यांच्या मागच्या दाराकडे बघतेय.

"वाजू दे," मी म्हटलं. आणि मग जरा मोठ्यानेच, बाहेरपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले, "उकिरड्यावरचा आहे. आमचा तर केव्हाच मेला."